ताईंची डावी टाच

मी ढोलकी वाजवतो. म्हणजे वाजवायचो. म्हणजे अजून वाजवतोच, पण ते पुढं सांगतो, नाहीतर तुम्ही आत्ताच उठून जाल.

ज्या ताईंच्या मागं मी बसतो त्यांचं नाव घेतलं तर तुम्ही सरळ होऊन बसाल, म्हणून घेत नाही. त्यांच्या कार्यक्रमाचा एक मोठा फलक आहे. त्यावर ताईंच्या खांद्यामागं एक अर्धं टक्कल दिसतं. ते माझं. आमच्या विश्रांतवाडीच्या वस्तीतल्या चहावाल्यानं तो फलक टपरीत लावलाय आणि टकलाभोवती स्केचपेननं गोल काढलाय. तरी गिऱ्हाइकं विचारायची, हे काय आहे, दिवा आहे का? मग त्यानं बाणही काढला.

शाळेचं विचाराल तर सातवीत बाकावर ठेका धरला म्हणून मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं. बाहेरचा दरवाजा बाकापेक्षा चांगला वाजत होता. परत आत गेलोच नाही. शेजारचे मामा गायचे. जयंती आली की निळे झेंडे लागायचे, मंडप पडायचा आणि मामा गळा मोकळा करायचे. कंपनीत दिवसभर यंत्रावर उभा राहणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्यासमोर माईक लाजायचा. त्यांनीच मला ढोलकी धरायला शिकवलं. म्हणायचे, "लेका, हाताकडं बघू नको. गाणाऱ्याकडं बघ. तो श्वास कुठं घेतो ते बघ." मी ते इतकं मनावर घेतलं की पुढं त्याच्यावरच जगलो.

ताईंकडं लागून चौदा वर्षं झाली. त्यातली दहा-अकरा वर्षं ड्रमवाला माझ्या उजव्या हाताला बसला. त्याची मोठी पितळी थाळी माझ्या कानापासून वीतभर. तो प्रत्येक गाण्याच्या शेवटी तिच्यावर असा हाणायचा, जसं काय तिनं त्याची बहीण पळवलीय. माझा उजवा कान गेला तो असा. एका दिवसात गेला नाही, हप्त्याहप्त्यानं गेला. आधी चिमण्या गेल्या, मग दारावरची बेल गेली, मग बायको गेली. म्हणजे बायको आहे, उजवीकडची बायको गेली.

आधी तिच्याच लक्षात आलं. म्हणाली, "अहो, तुमचं काहीतरी बिघडलंय. मी काहीही बोलले की तुम्ही हो म्हणता. पूर्वी असं नव्हतं."

मग तिनं मला कान तपासायला नेलं. काचेची खोली. कानावर हेडफोन घातले, हातात एक बटण दिलं आणि तिथली मुलगी म्हणाली, "काका, आवाज आला की बटण दाबायचं. बारीक आला तरी दाबायचं." आणि काचेपलीकडं यंत्राशी जाऊन बसली.

आता माझी चूक काय झाली ऐका. चूक म्हणजे धंद्याची सवय. काचेतून मला ती दिसत होती. यंत्रावर बोट टेकवायच्या आधी तिचा खांदा जरासा खाली यायचा. मी आयुष्यभर लोकांचे खांदे बघून वाजवलंय. तिचा खांदा खाली आला की माझा अंगठा बटणावर. मी मुद्दाम करत नव्हतो हो, अंगठाच जात होता. शिवाय पोरीची लय पक्की होती. दोन मात्रा थांबायची, तिसऱ्यावर यायची. पाचसहा वेळा झाल्यावर मी बघायचंही सोडलं. ठेका कळला होता.

डॉक्टर कागद बघून म्हणाले, "वयाच्या मानानं उत्तम आहेत कान."

आयुष्यातली एकच परीक्षा पास झालो, ती ही. जिन्यात बायको उजवीकडून काहीतरी बोलली.

"काय म्हणालीस?"

ती वळसा घालून डावीकडं आली. "म्हणलं, पेढे घ्यायचे का पास झाल्याचे?"

खरंतर तेव्हाच परत वर जाऊन, खाली मान घालून, पुन्हा तपासा म्हणायचं होतं. पण मग कागदावर खरं आलं असतं. ढोलकीवाल्याला ऐकू येत नाही असा कागद घेऊन मी कुठं जाणार होतो? तो पास झालेला कागद मी ट्रंकेत ठेवला. अजून आहे.

ताईंकडं काम चालून गेलं, कारण ताईंची डावी टाच. बाई गाताना उभ्या राहतात आणि डाव्या पायाची टाच हलकेच उचलून टेकवतात. साडीच्या काठाखाली एवढीशी हालचाल. ती टाच कधी चुकत नाही. लोक ताईंचा चेहरा बघायला तिकीट काढतात. मी चौदा वर्षांत त्यांचा चेहरा स्टेजवर फार तर दहा वेळा बघितला असेल. त्यांनी चप्पल बदलली की मला दोन कार्यक्रम सराव करावा लागायचा. एकदा उंच टाचेची घालून आल्या, तेव्हा बायकोला म्हणलं, आज गाणी चढी लागली.

मग नवीन पद्धत आली. ताईंच्या सगळ्या गाण्यांचं आमच्याकडून स्टुडिओत एकदा रेकॉर्डिंग करून घेतलं होतं, चार वर्षांपूर्वी, तेव्हा माझा कान बऱ्यापैकी शाबूत होता. आता ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर बारीक चालू ठेवतात, त्याला ट्रॅक म्हणतात. आम्ही त्याच्यावर खरं वाजवायचं, म्हणजे आवाज भरदार होतो. सगळ्यांनी एकत्र राहावं म्हणून प्रत्येकाच्या कानात इअरफोनचं एक बोंडूक देतात, त्यात घड्याळासारखी टकटक ऐकू येते. टक टक टक टक. त्याच्यावर वाजवायचं.

बोंडूक एकच, उजव्या कानाच्या मापाचं. टकटक ऐकू येतेय असं दाखवायला मी पहिल्याच दिवशी अंगठा वर केला. काय ऐकू आलं होतं? काही नाही. कानात शेंगदाणा घालून बसल्यासारखं. ते डाव्या कानात घालून पाहिलं तर बाहेर पडायचं, आणि राहिलं असतं तर मला ताईच ऐकू आल्या नसत्या. मग आपली टाच बरी. बाकीचे टकटकीवर वाजवायचे, मी टाचेवर. कधी थोडं मागं पडायचो, कधी पुढं पळायचो, पण कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, निभावतंय.

मग तो सत्काराचा दिवस आला. रविवारी दुपारचा कार्यक्रम, नाट्यगृह भरलेलं, पुढच्या रांगेत ज्यांच्यासाठी खुर्च्या राखून ठेवतात ते लोक. मध्यंतरानंतर ताईंचा सत्कार झाला. पुण्यात सत्कार म्हणजे एकट्यानं करायची गोष्ट नाही. अकरा जणांनी केला. अकरा पुष्पगुच्छ, अकरा नारळ, आणि एका गृहस्थांनी स्वतःचं पुस्तकही दिलं. निवेदकानं ते सगळं उचलून नीट रचून ठेवलं. कुठं? ताईंच्या बरोबर मागं, जमिनीवर. माझ्या आणि टाचेच्या मध्ये झेंडूचा डोंगर.

आणि पुढचंच गाणं असं की पहिली ओळ ताई एकट्या, ठेक्याशिवाय, लांबवून गातात. ओळ संपता संपता ढोलकीनं एकट्यानं उठायचं. तिला आम्ही उठाण म्हणतो. एक पल्लेदार तुकडा वाजवायचा आणि ताईंना समेवर आणून सोडायचं. त्या चार सेकंदांत स्टेजवर फक्त मी. चहावाल्यानं बाण काढलाय तो त्या चार सेकंदांसाठी.

मी डावीकडं वाकलो, उजवीकडं वाकलो. गुलछडी दिसली, टाच दिसली नाही. ताईंचा आवाज नाट्यगृहाकडं जाणारा, माझ्याकडं त्याचं उरलंसुरलं यायचं. मी मनात मोजलं, देवाचं नाव घेतलं नाही कारण आमच्यात घेत नाहीत, आणि उठलो.

दोन मात्रा आधी उठलो. ताईंची ओळ अजून चालू होती. त्यांचे खांदे तसेच ताणलेले होते, म्हणजे श्वास सुटला नव्हता, आणि मी त्यांच्या गाण्यात शिरून धडाधड वाजवत होतो, लग्नाच्या वरातीत वाट चुकलेली बैलगाडी शिरावी तसा. थांबावं तर थांबताही येईना. उठाण अर्धी सोडत नाहीत. पूर्ण वाजवली, एकटाच समेवर आलो, तिथं कुणी नव्हतं.

आमच्यात कुणी चुकलं की सगळे वळून बघतात. कीबोर्डवाला तर भुवई अशी वर करतो की ती परत खाली यायला पुढचं गाणं लागतं. त्या दिवशी कुणी वळलं नाही. एकानंही नाही. मला वाटलं, इतकं चुकलो की यांना बघवत नाहीये.

कार्यक्रम संपल्यावर मी ढोलकीवर कव्हर चढवत होतो, खाली मान घालून. ताई स्वतः आल्या. म्हणाल्या, "दादा, आज उठाण काय घेतलीत हो! अंगावर काटा आला."

आणि गेल्या.

आता बघा, हे पुणे आहे. इथं टोमणा आणि कौतुक एकाच चमच्यानं वाढतात. मी तीन दिवस ते वाक्य चघळलं. बायकोला ताईंच्या आवाजात म्हणून दाखवलं. एकदा 'काय'वर जोर देऊन, एकदा 'हो'वर जोर देऊन.

ती म्हणाली, "टोमणाच आहे. काटा काय चांगल्यानंच येतो?"

चौथ्या दिवशी सराव होता, स्वारगेटजवळच्या एका हॉलमध्ये. मी तासभर आधी गेलो. आमचा साउंडवाला तारा गुंडाळत बसला होता. तिशीचा असेल. कमी बोलतो, आणि जेवढं बोलतो तेवढं लागतं.

म्हणलं, "बाबा, रविवारचं माझं चुकलं. ताई फार चिडल्यात का?"

"कशाबद्दल?"

"दोन मात्रा आधी उठलो ना."

"असं? मला नाही ऐकू आलं."

"अरे, मला आलं आणि तुला नाही?"

"तुमचा माईक बंद आहे, काका."

"रविवारी बंद पडला होता?"

"पडला नव्हता. मी केलाय. दिवाळीपासून."

मी तिथल्या खोक्यावर बसलो. ते स्पीकरचं नव्हतं, कुणाच्या तरी डब्यांचं होतं, ते वाकलं. तो म्हणाला, "त्यावर नको," आणि मला दुसरीकडं बसवलं, माझ्या डावीकडं येऊन. डावीकडं! म्हणजे त्याला माहीत होतं.

त्यानं सांगितलं. दिवाळीच्या आधी तीनचार कार्यक्रम मी टकटकीला सोडून भटकत होतो. ताईंनी त्याला विचारलं, ढोलकीचं काय होतंय? तो म्हणाला, तार खराब आहे. परत विचारलं, परत म्हणाला, तार. "किती वेळा तार सांगणार? ताई म्हणाल्या असत्या, तारवाला बदला. म्हणून तुमचा माईक खाली घेतला आणि ट्रॅकमधली ढोलकी वर केली. ताईंच्या आणि सगळ्यांच्या कानात आता तीच जाते. तेव्हापासून तक्रार नाही."

"आणि लोक?"

"लोकांना काय, ढोलकी ऐकू येते, ढोलकीवाला दिसतो. झालं."

"पण वाजवतंय कोण?"

"तुम्हीच की. चार वर्षांपूर्वीचे. चांगलं वाजवायचात."

मी विचारलं, मग मला बसवता तरी कशाला? म्हणाला, "रिकामी जागा वाईट दिसते. ताईंना मागं माणसं लागतात." मग तारेचं एक वेटोळं पूर्ण करून म्हणाला, "तुम्ही म्हणत असाल तर आज माईक वर घेतो. ताई ऐकतील. मग जे व्हायचं ते होईल. घेऊ?"

चांगला मुलगा आहे हो. त्यानं माझी जागा वाचवली होती. माझ्यात जरा पाणी असतं तर मी म्हणलो असतो, घे वर. पण मला दुसरं काही येत नाही. सातवी नापास, अर्धा बहिरा, अर्धं टक्कल.

म्हणलं, "नको. असू दे."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. मग म्हणाली, "म्हणजे घरी वाजवता तेवढंच खरं," आणि परत थापायला लागली. घरी वाजवायला बसलो की शेजारचे काय म्हणतील म्हणून चौदा वर्षं मला थांबवणारी हीच. त्या दिवसापासून ती थांबवत नाही. आता मलाच वाजवावंसं वाटत नाही.

जयंतीला पंधरा दिवस राहिले होते. दरवर्षी मामा गातात, मी वाजवतो. तिथं ट्रॅक नाही, टकटक नाही, माईकच्या मागं दया करणारा कुणी नाही. मामा आता सत्तरीचे, संधिवातानं खुर्चीत बसून गातात, टाच बिच काही हलत नाही. ते तयारीचं बोलायला येणार म्हणून कळलं तसं मी उजव्या हाताच्या बोटाला पट्टी गुंडाळली.

"काय रं, बोटाला काय झालं?"

"दारात सापडलं, मामा. मोडलंय बहुतेक. यंदा दुसरं कुणीतरी बघा."

मामांनी पट्टी धरून बघितली. बायको आतून बघत होती. मामा म्हणाले, "जप लेका. हात हाय तर तू हाय." मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

पण मी मूर्ख किती ते पुढं आहे. जयंतीच्या आधीच्या रविवारी कात्रजला ताईंचा कार्यक्रम होता आणि त्याचे दहा पास मीच महिन्यापूर्वी वस्तीत वाटले होते, रुबाबात. मामा, चहावाला, सगळे आले. चौथ्या रांगेत. आता पट्टी काढावी तर खोटं उघडं पडणार. म्हणून पट्टी तशीच ठेवून बसलो. पट्टीच्या बोटानं ढोलकीवर आवाज कसा येतो? पोत्यावर चप्पल मारल्यासारखा. पण तो फक्त मला येत होता. लोकांना चार वर्षांपूर्वीचा मी ऐकू येत होतो, दहाही बोटं धड असलेला. ती उठाण आली, नाट्यगृहानं टाळ्या दिल्या. चहावाला उभा राहून शिट्टी वाजवत होता. मी मान तुकवली. काय करणार, माझ्याच होत्या, फक्त उशिरा आल्या होत्या.

बाहेर मामांनी माझा पट्टीचा हात दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांत पाणी. "मोडक्या बोटानं असं वाजवतोस? मग जयंतीला कसली रजा मागतोस रं? बसायचं. माझं आता किती राहिलंय?"

मी हो म्हणलं. मला हो म्हणायची सवयच लागलीय.

जयंतीला संध्याकाळी मंडप भरला. बोट बरं झालं असं सांगून मी पट्टी काढून टाकली होती. मी जागा बदलून मामांच्या उजवीकडं बसलो, माझा डावा कान त्यांच्याकडं येईल असा. पण स्पीकरची भिंतही मामांच्या पलीकडं, माझ्या डाव्या हाताला, तिचा सगळा गोंगाट त्याच कानात. मामांचा श्वास बघायला गेलो तर गळ्यात हार. हे हार आणि गुच्छ माझ्या मागं का लागलेत कळत नाही. पहिलं कडवं सावरलं. दुसऱ्यात मामांनी एक ओळ पुन्हा घेतली, ते त्यांच्या मनात आलं की घेतात, आणि मी पुढं निघून गेलो. परत फिरलो तर ते पुढं आले होते. सापडेना. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरून मला दाखवायचा प्रयत्न केला. लहान पोरं बरोबर टाळ्या वाजवत होती. मी चुकत होतो.

मामांनी गाणं थांबवलं नाही. फक्त हात माझ्याकडं केला, थांब म्हणून. मी ढोलकीवर दोन्ही हात ठेवून बसलो आणि मामांनी उरलेलं गाणं टाळ्यांवर पूर्ण केलं.

नंतर त्यांच्या खुर्चीजवळ गेलो. डावा कान पुढं केला. त्यांनी आवाज चढवला नाही, तरी सगळं ऐकू आलं.

"तिकडं मोडक्या बोटानं वाजवतोस. आपल्यात बरं बोट घेऊन आलास आणि असं वाजवलंस. मोठा झालास लेका."

'मामा, मला ऐकू येत नाही.' एवढंच म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं. पण आजूबाजूला पन्नास माणसं, आणि ड्रमवाल्याची सासुरवाडी आमच्याच गल्लीत. दोन दिवसांत ताईंपर्यंत गेलं असतं.

म्हणलं, "दमलो होतो मामा जरा."

"हां," मामा म्हणाले, "तिकडं दमत न्हाईस." आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

आता तुम्ही म्हणाल, मग हे इथं लिहून कसं सांगतोस? इथं कुणाचं नाव नाही, माझंही नाही. मामांना वाचायला दिसत नाही आणि ताईंना वेळ नाही. साउंडवाल्यानं वाचलं तर तो म्हणेल, आवाज जरा जास्त झालाय, आणि गप्प बसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर गेलो. फलक तिथंच होता. ताई दिसत होत्या, बाणही दिसत होता. फक्त शेजारचं कॅलेंडर हातभर अलीकडं, माझ्या टकलावर सरकलं होतं आणि बाण आता त्या महिन्याच्या सुट्ट्यांकडं बघत होता. चहावाल्यानं माझ्याकडं न बघता ग्लास पुढं केला. मी दोन घोट घेतले. मग तो उजवीकडून काहीतरी विचारत होता, ओठ हलताना दिसले.

मी हो म्हणलं.

त्यानं माझा अर्धा भरलेला ग्लास उचलून विसळायला टाकला.